सुध्या, इकोच्या ७० वर जाऊ नको

नाशिक
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुध्या,

तुझी अकरा मिनिटांची व्हॉइस नोट ऐकली, दोनदा ऐकली, मधे तू नुसता गप्प बसलायस तो भाग पण ऐकला. फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून म्हटलं लिहावंच निवांत. दाजींचे रिपोर्ट बघितले, ताईने काढलेले फोटो, अर्धे वाकडे, एकावर तर तिचा अंगठाच आलाय, पण पाहिजे ते दिसलं.

आधी एक सांगतो, मी डॉक्टर नाही. तुला माहितीच आहे पण ताईला पण सांग, ती मला मेसेजमध्ये डॉक्टर भाऊ लिहायला लागलीय आणि मला वाचून घाम फुटतो. मी नऊ वर्षं कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या स्टडीतल्या पेशंटची कन्सेंट घ्यायची, फॉर्म भरायचे, आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे आणि महिन्या-तीन महिन्यांनी फोन करून विचारायचं की कसे आहात. पण रोज तेच बघून बघून कुठला आकडा कुठून येतो हे मात्र कळायला लागलंय, आणि दाजींचा घोळ मला तिथेच दिसतोय.

"फुफ्फुसाचं प्रेशर ७० आहे, हार्ट ट्रान्सप्लांटचं विसरा" एवढं एक वाक्य कुणीतरी राउंडवर उभ्या उभ्या बोललं आणि तुम्ही सगळे खरंच विसरून बसलात. अरे तो ७० आला कुठून ते बघ ना. टूडी इकोच्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय, जेटचा स्पीड ३.७. उजव्या बाजूच्या झडपेतून रक्त मागे गळतं ना, त्याचा हा स्पीड. त्याचा वर्ग करायचा, चारने गुणायचं, साधारण ५५ येतात. त्यात उजव्या कप्प्यातलं प्रेशर मिळवायचं, आणि ते मोजत नाहीत, पोटातली मोठी शीर किती फुगलीय ते बघून अंदाजाने धरतात. दाजींची फुगलेली होती म्हणून १५ धरले. ५५ आणि १५, झाले ७०. आणि ही तपासणी कधीची तर ॲडमिट झाले त्या रात्रीची, पाय मांडीपर्यंत सुजलेले, आडवं झोपता येत नाही, उशा लावून बसवलेले. चार दिवसांनी नऊ किलो पाणी गेलं अंगातून, त्यानंतर इको झालाच नाही. म्हणजे झाला असेल तर अंगठ्याखाली असेल.

आपण दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजतो की नाही, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्यापर्यंत आलं, तसा हा इको आहे. मारुती खोटं बोलत नाही, पण खरा आकडा पाहिजे तर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि होळकर पुलाखालून किती चाललंय तेच विचारावं लागतं. तुमचा मारुती तर ऐन पुरात बघितलाय आणि त्यावरून बाराही महिन्यांचा हिशोब लावलाय.

आता हे प्रेशर वाढतं कशाने. गोदावरी भरून चालली की सराफ बाजारात पाणी शिरतं, आठवतंय ना, तिथे काही ढगफुटी झालेली नसते, सरस्वती नाल्याला नदीत जायला जागाच उरत नाही म्हणून तो उलटा फिरतो. दाजींच्या हार्टची डावी बाजू थकलीय, ईएफ २०, म्हणजे एका ठोक्याला कप्प्यातलं वीस टक्केच रक्त बाहेर पडतं, पुढे ढकलत नाही, म्हणून मागे फुफ्फुसात तुंबतंय. फुफ्फुसाचा आजार वेगळा काही नाही. फुफ्फुसाचं हे प्रेशर वाढतं त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात, त्याचे पाच गट करतात त्यातला हा दुसरा, आणि सगळ्यात जास्त पेशंट याच गटातले, केरळात २,००० च्या आसपास पेशंटची मोठी नोंदणी केली होती तिथेसुद्धा निम्म्याहून जास्त हेच निघाले. नदी उतरली की नालाही उतरतो. पण वर्षानुवर्षं तुंबत राहिलं तर नाल्यात गाळ बसतो, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या आतून जाड होत जातात, आणि मग नदी उतरली तरी नाला काही मोकळा होत नाही. दाजींचं नुसतं तुंबलंय का गाळ बसलाय, सगळा प्रश्न एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर इको देऊ शकत नाही भो.

ट्रान्सप्लांटवाले याला एवढे घाबरतात ते उगाच नाही. नवीन हार्ट येतं एखाद्या धडधाकट माणसाचं, त्याच्या उजव्या बाजूने आयुष्यभर कमी प्रेशरवर काम केलेलं, पातळ भिंतीची असते ती. टेबलावरच तिच्यासमोर जाड झालेल्या नळ्यांचं फुफ्फुस आलं तर ती फुगते आणि काही तासांत बसते. हार्ट चांगलं, टाके चांगले, आणि पेशंट हातचा जातो. आणि ज्या घराने ते हार्ट दिलं त्यांचं पण वाया. म्हणून आधी मोजतात.

तू विचारलंस ना की आपल्याकडे हे होतं तरी का. अरे १९६७ च्या डिसेंबरमध्ये बर्नार्डने केपटाउनला पहिलं केलं, तो पेशंट १८ दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत केईएमला डॉ. पी. के. सेन यांनी केलं होतं. काही तासच जगला तो पेशंट. मग पुढची २६ वर्षं ब्रेन डेथचा कायदाच नव्हता म्हणून सगळं ठप्प. १९९४ ला कायदा आला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत एम्सला डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी केलं. आता मुंबई, पुणे, चेन्नईला होतात. आपलं नाशिक पुण्याच्या झेडटीसीसीत, म्हणजे अवयव वाटप करणाऱ्या विभागीय समितीत येतं, पण नाव कुठल्या सेंटरला लावायचं ते नंतर ठरवू, आधी मोजू तर दे.

तर मोजायचं म्हणजे राइट हार्ट कॅथ. अँजिओसारखंच, पण शिरेतून, मानेतून नाहीतर जांघेतून. दाजींना सांग भूल देत नाहीत, जागेच असतात, तेवढी जागा बधिर करतात. नळीच्या टोकाला हरभऱ्याएवढा फुगा असतो, तो फुगवला की रक्ताबरोबर वाहत वाहत आपोआप उजव्या कप्प्यातून फुफ्फुसाच्या नळीत जातो. स्वान नावाच्या डॉक्टरला म्हणे ही आयडिया समुद्रावर शिडाच्या होड्या बघताना सुचली, १९७० साली छापून आली आणि अजून तेच वापरतात. मी काचेच्या पलीकडे उभा राहून कितीतरी वेळा बघितलंय, पडद्यावर लाटा चाललेल्या असतात उंच उंच आणि फुगा नळीत जाऊन अडकला की लाटा एकदम बसक्या होतात, तेव्हा टेक्निशियन ओरडतो "वेज आला" आणि मी आकडा लिहितो. हा वेज म्हणजे डाव्या बाजूचं तुंबलेलं प्रेशर.

समज, फुफ्फुसाच्या नळीतलं सरासरी प्रेशर ४२ आलं, वेज २८, आणि हार्ट मिनिटाला साडेतीन लिटर ढकलतंय. ४२ मधून २८ गेले, राहिले १४, भागिले ३.५, आले ४. हा पीव्हीआर, म्हणजे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा अडथळा, वुड युनिटमध्ये सांगतात. आता हा ४ नुसता ऐकला की सगळे तोंड पाडून बसतात. पण थांबायचं. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येच आहे की फुफ्फुसाचं वरचं प्रेशर ५० किंवा जास्त आणि पीव्हीआर ३ च्या वर असेल तर तिथेच टेबलावर औषध देऊन बघा, बीपी पडू न देता. नायट्रोप्रुसाइड चालू करतात, प्रत्येक दोन-पाच मिनिटांनी परत आकडे. समज आता सरासरी ३२, वेज २०, आणि हार्ट ४.८ ढकलतंय. १२ भागिले ४.८, अडीच! तोच माणूस, तेच टेबल, अर्ध्या तासात ४ चा अडीच. म्हणजे गाळ नाही, तुंबलेलं होतं. आणि समज नाहीच उतरला, तरी लगेच नाही म्हणत नाहीत, ॲडमिट करून एक-दोन दिवस औषधं चालू ठेवून परत मोजतात, कधीकधी एलव्हीएडीचा पंप बसवून काही महिने डावी बाजू मोकळी ठेवली की मग उतरतो. खर्चाचं मी आत्ता बोलत नाही, तो पंप परवडणारा नाही आपल्याला, पण वैद्यकाच्या हिशोबाने दार बंद नाही एवढंच सांगतोय. ज्यांचा हे सगळं करूनही उतरत नाही ते असतात, मी बघितलेत, तुला खोटा धीर देत नाही. पण ते मोजून कळलेलं असतं.

आता सिल्डेनाफिलचं. ताईला कुणीतरी सांगितलं की फुफ्फुसाच्या प्रेशरवर ही गोळी असते, आणि मेडिकलवाला हसला म्हणून ती रडली म्हणे. त्या मेडिकलवाल्याला मी बघतो नंतर. व्हायाग्रा म्हणून विकतात तीच ही, म्हणून तो हसला. गोळी खरीच आहे, पण पहिल्या गटाच्या, म्हणजे मुळात फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्याच बिघडलेल्या असतात त्या आजारासाठी. डावी बाजू अडलेली असताना फुफ्फुसाच्या नळ्या उघडायच्या म्हणजे खाली पूल तुंबलेला असताना वर धरणाची दारं उघडण्यासारखं. स्पेनमध्ये झडपेचं ऑपरेशन होऊनही प्रेशर राहिलेल्या २०० पेशंटवर ट्रायल केली होती, २०१८ ला आली, गोळी घेणाऱ्यांचंच जास्त बिघडलं. ट्रान्सप्लांटवाले कधी कधी देतात, पण कॅथचे आकडे समोर ठेवून. घरच्या घरी नाही म्हणजे नाही, त्यात दाजींकडे जिभेखालची सॉर्बिट्रेट पडलेली आहे, दोन्ही एकत्र गेल्या तर बीपी खाली जाऊन माणूस तिथेच पडेल.

खरं भांडण मला दाजींशी करायचंय. ताईने सांगितलं, फवारणीच्या दिवशी ते लघवीची गोळी घेत नाहीत कारण बागेत ट्रॅक्टरवरून सारखं उतरावं लागतं. आणि छाटणी चालू झाली की बाकीच्या गोळ्या पण राहतात. द्राक्षाला एक फवारणी चुकली तर हा माणूस रात्रभर झोपत नाही, डाउनी रोग येईल म्हणून, आणि स्वतःच्या चार गोळ्या खुशाल चुकवतो! त्यातली एक डापाग्लिफ्लोझिन, ती शुगरची गोळी म्हणून त्यांनी बाजूला ठेवलीय, "मला कुठे शुगर आहे". अरे २०१९ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ४,७४४ पेशंट होते, निम्म्याहून जास्त लोकांना शुगर नव्हतीच, तरी मृत्यू आणि हार्ट फेल्युअर बिघडणं मिळून २६ टक्क्यांनी कमी झालं. आणि आता पेटंट संपल्यापासून स्वस्त पण झालीय. आपल्या देशाच्या नॅशनल हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत ५३ हॉस्पिटलांतले दहा हजारांवर पेशंट होते, ९० दिवसांत १४ टक्क्यांच्या आसपास गेले, आणि सगळी औषधं नीट मिळालेले निम्मेसुद्धा नव्हते. सरासरी वय साठीच्या आसपास. दाजी तर ४६.

९० दिवसांवरून सांगतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या एका स्टडीत ९० दिवस झाले की फोन करावा लागतो. मागच्या वर्षी दिंडोरीकडच्या एका पेशंटला लावला, मुलाने उचलला, मी सवयीने समोरचा कागद वाचत सुटलो, नमस्कार, बाबांना चालताना दम लागतो का, पायावर सूज आहे का. तो म्हणाला, "साहेब थोडं थांबता का, रामकुंडावर आहे, कावळा शिवत नाहीये." मागे माणसांचा आवाज येत होता, कुणीतरी म्हणत होतं त्यांच्या नातवाचं नाव घ्या, बागेचं नाव घ्या. मी फोन धरून तसाच. काय बोलणार. संध्याकाळी त्यानेच परत केला, बिचारा मलाच सॉरी म्हणाला, आणि मग सांगितलं की सूज उतरली म्हणून पंधरा दिवसांनी गोळ्या बंद केल्या होत्या, बाबा म्हणाले आता बरं वाटतंय. फॉर्मवर मृत्यूचा रकाना आहे, तारखेचा आहे, तो भरला. गोळ्या कुणी का बंद केल्या याला रकानाच नव्हता, मी समासात पेनने लिहिलं, तर मॉनिटरिंगला आलेल्या बाईंनी विचारलं हे काय, हे खोडा.

म्हणून मी दाजींवर चिडतोय, समज.

ट्रान्सप्लांट झालं तरी सुटका नाही हे पण त्यांना आधीच सांगायला पाहिजे. हार्ट काढल्यापासून साधारण चार तासांत बसलं पाहिजे, म्हणून फोन आला की अर्ध्या रात्री निघावं लागतं. नंतर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या, पहिल्या वर्षात सारख्या बायोप्सी, म्हणजे हार्टचा बारीक तुकडा काढून तपासायचा, बाहेरचं पाणी नाही, फवारणीच्या औषधांपासून लांब. ज्यांचं चांगलं चालतं ते चांगले दहा-बारा वर्षं आणि पुढेही जातात. पण हे अजून लांब आहे, आणि खरं सांगू, चारही गोळ्या सहा महिने न चुकता घेतल्या तर ईएफ वाढून यादीवर नाव लावायची गरजच न पडलेले पण मी बघितलेत. दाजींचं तसं होईलच असं नाही म्हणत.

तर गुरुवारी मुंबईची अपॉइंटमेंट घेतलीय, आमच्या सरांनी शब्द टाकला म्हणून मिळाली. पंचवटीने जायचं म्हणत होती ताई, पण दादरचा जिना दाजींना झेपायचा नाही, माझ्या गाडीनेच जाऊ, इगतपुरीपासून समृद्धी धरली की घाटाचे धक्के पण नाहीत. तू नागपूरहून बुधवारी रात्रीपर्यंत माझ्याकडे ये, वरची खोली रिकामी आहे. ताईला सांग सगळे कागद तारखेप्रमाणे लाव, डिस्चार्जनंतरचा इको असेल तर तो वर ठेव, आणि फोटो नको, कागदच आण. आणि उद्यापासून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, दाजींचं वजन वहीत लिहायचं. घरी काटा नसला तर द्राक्षाचे क्रेट मोजायचा आहेच शेडमध्ये, त्यावर उभं कर म्हणावं.

तुझा,
बंड्या

ता. क. व्हॉइस नोटमध्ये शेवटी काहीतरी मिसळचं बोललास ते कळलं नाही. गुरुवारी जाताना नाही, दाजींना मीठ बंद आहे. येताना आपण दोघं.