सिपारियाच्या शाळाही बातमीत याव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान त्रिनिदादला गेले, तेव्हा तेथील पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांचे पूर्वज बिहारमधील बक्सरचे, ही माहिती ठळकपणे छापून आली. ज्या खेड्यांतील शाळांनी त्यांना घडवले त्यांच्याविषयी मात्र माझ्या वाचनात काहीच आले नाही. ग्रामीण शाळांत हयात घालवलेल्या मला तोच भाग अधिक मोलाचा वाटतो.

ही खेडी सिपारिया आणि पेनाल या दक्षिण त्रिनिदादच्या शेतीप्रधान भागातली. १८४५ पासून करारबद्ध मजूर म्हणून त्रिनिदादला नेलेल्या भारतीयांना तेथील शाळा परक्या वाटत. १८६८ मध्ये कॅनडाहून आलेले प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी जॉन मॉर्टन यांनी हिंदी शिकून त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, तरी अक्षरओळख खरी होती. पुढे १९५० च्या दशकात सनातन धर्म महासभेने गावोगावी शाळा बांधल्या, तेव्हा ‘हे गोठे आहेत’ अशी त्यांची हेटाळणी झाली. प्रसाद-बिसेसर मोहेस रोडच्या हिंदू शाळेत शिकल्या, मग प्रेस्बिटेरियन प्राथमिक शाळांत, पुढे सिपारियाच्याच आयेर हायस्कूलमध्ये आणि नंतर जमैकात वेस्ट इंडीज विद्यापीठात.

या शिडीची मधली पायरी मला अस्वस्थ करते. प्राथमिकची पाचवी संपताना, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला कोणती माध्यमिक शाळा मिळणार, हे तेथे एका परीक्षेवर ठरते. २००० पासून प्रत्येकाला कुठे ना कुठे जागा मिळते, हे मोठेच पाऊल आहे. पण चांगले गुण मिळवणारी अनेक मुले सॅन फर्नांडो शहरातल्या नामांकित शाळांकडे जातात, आणि कमी गुणांच्या मुलांवर गावातल्या सरकारी शाळेसह ‘मागे राहिलेला’ असा शिक्का बसतो. धर्मसंस्थांच्या अनुदानित शाळांना सरकारशी झालेल्या १९६० च्या करारानुसार २० टक्के विद्यार्थी स्वतः निवडता येतात, त्यामुळे ही दरी आणखी रुंदावते, असे माझे मत आहे.

आपल्याकडेही प्राथमिक शाळेत शिष्यवृत्ती परीक्षा असते, परंतु पुढच्या इयत्तेचा प्रवेश तिच्यावर अवलंबून नसतो. पाचवीत अडखळणारी आणि नववीत अचानक उमलणारी कितीतरी मुले मी वर्गात पाहिली आहेत. त्रिनिदादविषयी पुन्हा लिहिण्याचा प्रसंग येईल तेव्हा क्रिकेट आणि वंशवृक्ष यांच्या जोडीने या शाळांनाही जागा द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा