कोहेन-सदरलँडमधला सदरलँड

प्रिय पक्या,

स.न.वि.वि. वगैरे सगळं आहेच. तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले आणि मी नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो, त्याबद्दल शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. व्हॉट्सअपवर तुकड्यातुकड्यात सांगण्यासारखं नाहीये म्हणून बसून लिहितोय, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

गणपतीला भाचा आला होता बंगलोरहून, सोबत तो डोक्याला लावायचा व्हीआरचा डबा. घरातल्या सगळ्यांनी लावून झाला, शेजारच्या पोरांनी लावला, शेवटी आईच्या डोक्याला बांधला. आई आधी नको नको करत पदर सावरून सोफ्याच्या कडेला बसली, आणि तिला एकदम कुठलातरी कडा दिसला की काय, "अगं बाई पडले पडले" करत माझा दंड असा धरला की वळ उठले. आता खाली फरशी आहे, गेली अठरा वर्षं तीच पुसून घेतेय ती फरशी, तिला पक्कं माहितीये खाली दरी वगैरे काही नाही. तरी. भाचा हसून हसून लोळायला लागला आणि मला म्हणतो मामा, तुमच्या काळी असलं काही नव्हतं ना. मी म्हटलं थांब बघू, आणि रात्री सगळे झोपल्यावर नेटवर शोधत बसलो. तर हे १९६८ सालचं निघालं. आपण जन्मलो पण नव्हतो लेका. आणि करणाऱ्याचं नाव काय, तर आयव्हन सदरलँड.

मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. हा आपला कोहेन-सदरलँडवाला तर नव्हे? तोच रे!

आठवतंय ना? कॉलेजचं कॉम्प्युटर ग्राफिक्सचं प्रॅक्टिकल, टर्बो सीमध्ये प्रोग्राम लिहायचा, चित्राचा पडदा उघडायला इनिटग्राफ, आणि त्या बीजीआयच्या फोल्डरचा पाथ चुकला की येणारी ती एरर, ज्यात आपला अर्धा प्रॅक्टिकल जायचा. कोहेन-सदरलँड लाइन क्लिपिंग अल्गोरिदम, म्हणजे चौकोनाबाहेर जाणारी रेषा कापायची रीत, आठ मार्काला हमखास. एक चौकोन काढायचा, त्याच्या भोवती आठ खाने, प्रत्येकाला चार बिटांचा कोड. रेषेची दोन्ही टोकं शून्य-शून्य-शून्य-शून्य, म्हणजे चौकोनाच्या आत, असतील तर घे, दोन्ही कोडचा अँड करून (दोन्हीकडे एक असेल तिथेच एक) काही उरलं तर फेक, नाहीतर काप आणि परत तपास. मला झोपेतून उठवलं तरी येईल अजून. आणि व्हायवाला तुला एक्स्टर्नलने विचारलं कोहेन कोण होता, तर तू बाणेदारपणे सांगितलंस "सर, शास्त्रज्ञ होता", आणि मी तर शेवटपर्यंत समजत होतो की कोहेन नाव आणि सदरलँड आडनाव, एकच माणूस. इतका अडाणीपणा घेऊन आपण फर्स्ट क्लास काढला.

मग काय, वाचत गेलो. त्याचा थिसिस नेटवर फुकट मिळतो, तीन रात्री त्यात गेल्या, बायको म्हणाली आता या वयात पीएचडी करताय का.

तर हा बाबा १९३८ चा, अमेरिकेत नेब्रास्कातल्या हेस्टिंग्जचा. वडील सिव्हिल इंजिनिअर. शाळेत असताना याच्या हाती सायमन नावाचं एक रिलेवर चालणारं छोटं मशीन लागलं, त्याला भागाकार यायचा नाही, तर याने पेपर टेपवर लांबलचक प्रोग्राम लिहून त्याला भागाकार शिकवला. आपण त्या वयात कंपासमधल्या कर्कटकाने बाकावर नावं कोरत होतो.

पुढे एमआयटीत पीएचडी, आणि गाइड कोण, तर क्लॉड शॅनन. हो, तोच, इन्फर्मेशन थिअरीवाला, माहितीचं गणित मांडणारा. काम करायला मिळालं लिंकन लॅबच्या टीएक्स-२ नावाच्या मशीनवर, खोलीभर पसारा. त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला जायचं, रेशनच्या दुकानासारखं. टीएक्स-२ वर मात्र एकटा माणूस समोर बसू शकायचा. त्याला सात इंच बाय सात इंचाचा स्क्रीन होता आणि लाइट पेन. यावर त्याने स्केचपॅड नावाचा, स्क्रीनवर आकृत्या काढायचा प्रोग्राम केला, थिसिस १९६३ चा.

यातली एक गंमत तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. लाइट पेन म्हणजे मला वाटायचं त्यातून उजेड पडतो. उलटंय. ते पेन बघतं. स्क्रीनवरचा ठिपका उजळला की पेनला तो दिसतो आणि मशीनला कळतं पेन कुठे आहे. पण मग कोरा स्क्रीन असेल तर पेनला दिसणार काय? म्हणून त्याने कोऱ्या स्क्रीनवर इंक अशी तीन इंग्रजी अक्षरं ठेवली होती. आधी पेन त्या अक्षरांवर टेकवायचं, दौतीत टाक बुडवावा तसं, की एक फुली पेनाला चिकटायची आणि मग पेन जाईल तिथे फुली मागे मागे. हे वाचून मी एकटाच हसलो रात्री दीड वाजता.

आणि ड्रॉइंग कसं, तर वेडंवाकडं काढायचं आणि मग सांगायचं ह्या दोन रेषा समांतर, ह्या सारख्या लांबीच्या, की ते आपोआप नीट व्हायचं. षटकोन एक काढला, त्याच्या प्रती लावत लावत ९०० षटकोनांची जाळी केली, विचार करायला लागलेला वेळ धरून अर्धा तास, असं त्यानेच लिहिलंय. वर आणखी, मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती बदलतात, षटकोनाच्या जागी अर्धगोल टाकला की जाळीचे माशाचे खवले. मी ऑफिसात रोज ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक, म्हणजे अशी एक मूळ आकृती, बदलतो आणि अख्ख्या इमारतीच्या खिडक्या बदलतात, त्याचं मूळ हे. आपण फर्स्ट इयरला ड्रॉइंग शीटवर षटकोन चुकला म्हणून ब्लेडने खरवडत होतो ते आठवलं आणि कसंतरीच झालं.

बरं, मग तो लष्करात गेला, आणि २६ व्या वर्षी, १९६४ मध्ये, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आर्पामध्ये कॉम्प्युटर संशोधनाला पैसे वाटणाऱ्या ऑफिसचा प्रमुख. सव्वीस! ते जाऊ दे, सरकारी नोकरीत मला रस नाही. १९६५ मध्ये त्याने एक छोटा लेख लिहिला की सगळ्यात शेवटचा स्क्रीन कसा असेल, तर एक खोली असेल जिच्यात कॉम्प्युटर खरं द्रव्यच तयार करेल, दाखवलेल्या खुर्चीवर बसता येईल, दाखवलेल्या बेड्यांत अडकायला होईल, आणि गोळी दाखवली तर तिने माणूस मरेल. थंडपणे लिहिलंय, हवामान खात्याच्या अंदाजासारखं.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं.

हेलिकॉप्टर बनवणारी बेल कंपनी तेव्हा एक प्रयोग करत होती. हेलिकॉप्टरच्या पोटाला कॅमेरा, पायलटच्या डोळ्यापुढे छोटे पडदे, पायलट मान वळवेल तसा कॅमेरा वळतो, रात्री उतरायला सोपं. तिथला एक किस्सा सदरलँड सांगायचा. कॅमेरा इमारतीच्या गच्चीवर, बघणारा माणूस आत खोलीत सुखरूप बसलेला. गच्चीवर दोघं बॉल खेळत होते, एकाने बॉल कॅमेऱ्याकडे फेकला, तर खोलीतला माणूस चटकन वाकला! आमच्या आईचंच झालं की हे. सदरलँडच्या डोक्यात आलं की कॅमेराच काढून टाकू, त्याच्या जागी कॉम्प्युटर बसवू.

हार्वर्डला बॉब स्प्रौल वगैरे विद्यार्थ्यांना घेऊन त्याने ते केलं. दोन्ही डोळ्यांपुढे इवलेसे पिक्चर ट्यूब, मध्ये अर्धपारदर्शक आरसे, म्हणजे खोलीही दिसणार आणि खोलीत तरंगणाऱ्या रेषाही. डोकं कुठे वळलं ते कळायला छतापासून लोंबणारा एक यांत्रिक दांडा डोक्यावरच्या पट्ट्याला जोडलेला, त्याला गमतीने डॅमोक्लिसची तलवार म्हणायचे. आपल्याकडे डोक्यावर टांगती तलवार म्हणतात तीच. वावरायला जागा किती, तर सहा फूट व्यासाची आणि तीन फूट उंचीची. दिसायचं काय, तर नुसत्या रेषांची एक खोली, चार भिंतींवर चार दिशांची अक्षरं, छतावर एक, जमिनीवर एक.

आणि आता बघ. माणूस त्या रेषांच्या खोलीच्या मधोमध उभा आहे. मान वळवली की काही रेषा नजरेत येतात, काही जातात, काही अर्ध्याच राहतात. आणि ज्या पाठीमागे आहेत त्यांचं काय? त्यांना सरळ पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे लांबचं लहान दाखवायच्या गणितात टाकलं, डोळ्यापासून पुढच्या अंतराने भागलं, तर ऋण आकडा येतो आणि मागची रेषा उलटी होऊन पुढे उगवते, भुतासारखी. म्हणजे नजरेबाहेरचं आधी कापलंच पाहिजे, आणि तेही दर मान वळवण्याला, सेकंदाला तीस वेळा, मशीनची क्षमता तीन हजार रेषांची. त्यांनी क्लिपिंगसाठी खास हार्डवेअर बांधलं. आणि आपला तो चार बिटांचा अल्गोरिदम त्याच सुमाराचा, त्याच हार्वर्डचा, १९६७ चा. डॅनी कोहेन तिथे विमानाच्या सिम्युलेटरवर काम करत होता, कॉकपिटच्या काचेतून धावपट्टीचा किती भाग दिसतो हा त्याचा प्रश्न.

पक्या, तो चौकोन कॉकपिटची काच होती रे. माणसाची नजर होती. आपण वहीत पट्टीने काढायचो, चार कोपऱ्यांना एक्समिन वायमिन लिहायचो, आणि रेषा का कापायची हे चार वर्षांत कुणी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. मला वाटायचं रेषा लांब झालीये म्हणून कापतात, साडीचा फॉल कापतात तशी.

पुढचं थोडक्यात. १९६८ ला तो युटाला गेला, डेव्हिड इव्हान्सबरोबर सॉल्ट लेक सिटीत कंपनी काढली, इव्हान्स अँड सदरलँड, पायलट लोकांच्या सिम्युलेटरसाठी प्रसिद्ध. आणि तिथल्या युनिव्हर्सिटीत त्या काळात जी पोरं शिकून गेली ती यादी वाचून मला घेरी आली. गुरो आणि फाँग, म्हणजे आकृतीला उजेड-सावली देणारे आपले शेडिंगवाले दोघं, अ‍ॅनिमेशनवाल्या पिक्सारचा एड कॅटमल, अडोबीचा जॉन वॉर्नॉक, सिलिकॉन ग्राफिक्सचा जिम क्लार्क. आपल्या सिलॅबसचं अर्धं युनिट एका डिपार्टमेंटच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत असणार. १९७२ मध्ये याने वर्गाला खऱ्या वस्तूचं मॉडेल करायला लावलं, वस्तू कुठली, तर बायकोची फोक्सवॅगन बीटल. पोरांनी गाडीवर रंगाने ठिपके-रेषा मारल्या आणि मोजपट्टीने एकेक बिंदू मोजला. मी घरी हे वाचून दाखवलं तर ही म्हणाली, आपल्या गाडीला हात लावून बघा.

एवढं सगळं करून पठ्ठ्याने ग्राफिक्स सोडलं. कॅलटेकला जाऊन कॉम्प्युटर सायन्स डिपार्टमेंट उभं केलं, चिप डिझाइनमध्ये शिरला, मध्येच कार्नेगी मेलनला सहा पायांचा एक हायड्रॉलिक रोबो बनवला ज्यावर माणूस बसून जायचा, १९८८ चं ट्युरिंग अवॉर्ड, कॉम्प्युटरवाल्यांचा सगळ्यात मोठा मान, मिळालं तर तिथे भाषण ठोकलं घड्याळाशिवाय, म्हणजे सगळ्यांना एका ठोक्यावर चालवणाऱ्या सिग्नलशिवाय, चालणाऱ्या सर्किटवर, आणि सत्तरी ओलांडल्यावर पोर्टलंडला त्याच विषयाचं सेंटर काढलं. मला आधी राग आला खरं सांगतो, इतकं जमलेलं दुकान कोण सोडतं. मी तर एकोणीस वर्षं त्याच सॉफ्टवेअरच्या नवनव्या व्हर्जन शिकतोय. यावर तू काही बोलू नकोस.

तुझ्याकडे काम आहे. माझी ग्राफिक्सची जर्नल तू सबमिशनला नेली होतीस, खाकी कव्हरची, मागे क्रिकेटचे स्कोअर लिहिलेली. तुझ्या माळ्यावर असणारच, तू काही टाकत नाहीस. क्लिपिंगच्या पानाचा फोटो काढून पाठव, आउटपुटची आकृती मी पेन्सिलने काढली होती की तुझ्यावरून छापली होती एवढंच बघायचंय.

आईचा दंड धरणं चालू आहे. भाच्याला फोन करून विचारत होती दिवाळीला तो डबा आणणार आहेस का, या वेळी म्हणे उभी राहून बघते. वहिनींना नमस्कार, आणि या वेळी तू दिवाळीला दोन दिवस काढून ये.

तुझा,
दिन्या