कात्रज घाटातल्या रिक्षावाल्या काकांना मनापासून थँक्यू

रविवारी भर दुपारी कात्रजच्या जुन्या घाटात, बोगद्याच्या अलीकडे बॉनेट उघडून उभी असलेली क्रीम कलरची प्रीमियर पद्मिनी माझी होती. इंजिन नुकतंच रिबोअर केलेलं (म्हणजे सिलिंडर आतून नव्याने घासून घेतलेले) म्हणून आईला घेऊन निघालो, तर चढावर आधी झटके मग सरळ बंदच, स्टार्टर फिरतोय पण गाडी काही घेत नाही. येणारेजाणारे काच खाली करून ‘विकून टाका आता’ वगैरे सल्ला देऊन जात होते (फुकट सल्ल्याला आपल्याकडे तोटा नाही).

मग एक काका रिक्षा बाजूला घेऊन थांबले. आधी मागच्या चाकाला दगड लावला, आईला ‘मावशी, सावलीत बसा’ म्हणून आपल्या रिक्षात बसवलं आणि मग बॉनेटमध्ये डोकावले. पूर्वी मुंबईत पद्मिनीचीच टॅक्सी चालवायचे म्हणे! या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, इंजिन तापलं की आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत (पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) काही पोचतच नाही. काकांनी गळ्यातला नॅपकिन भिजवून पंपाला गुंडाळला आणि स्वतःच्या बाटलीतलं प्यायचं पाणी त्यावर थोडं थोडं सोडत राहिले, मला म्हणाले घाई करू नका, निवू दे. थोड्या वेळाने सेल्फ मारला आणि गाडी चालू!

पैसे काही घेतले नाहीत, नावही विचारायचं राहिलं. धक्का मारून गाडी कडेला लावणाऱ्या टेम्पोतल्या पोरांनो, तुम्हालाही थँक्यू. काका, तुमचा नॅपकिन माझ्याकडेच आलाय, कोणी त्यांना ओळखत असेल तर प्लीज कळवा.