मध्ययुगीन प्लेगचे मृत्यू कोणी मोजले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील मध्ययुगीन प्लेगवरील लेखात ‘युरोपातील एक तृतीयांश लोक दगावले’ हे विधान निर्विवाद सत्यासारखे आले आहे. १३४७ ते १३५१ या काळातील त्या साथीचा मृत्युदर आज इतिहासकार ३० पासून ६० टक्क्यांपर्यंत धरतात. हा फरक कोट्यवधी माणसांचा आहे आणि तो का पडतो, हे वाचकांना सांगणे आवश्यक होते.

त्या काळी जनगणना नव्हती. इंग्लंडमध्ये कूळ मरण पावले की जमीनदार त्याच्या गोठ्यातील सर्वांत चांगले जनावर हक्क म्हणून नेत असे आणि त्याची नोंद जमीनदाराच्या दप्तरात होई. मृत्यूचा आकडा आज काढला जातो तो बऱ्याच अंशी अशा नोंदींवरून. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती तो सालदार, घरातील बहुतेक बायका आणि लेकरे त्या दप्तरात सहसा येत नाहीत. १३७७ च्या डोईपट्टीत सुमारे १३ लाख ६० हजार माणसे मोजली गेली, पण १४ वर्षांखालील मुले आणि भिकारी तिच्यातून वगळलेले होते. त्यामुळे साथीनंतरची इंग्लंडची लोकसंख्या कोणी २२ लाख मानतो, कोणी ३० लाख.

आम्हां विदर्भातील खेड्यांत राहणाऱ्यांना ही उणीव चटकन उमगते. ज्याच्या आजोबा-पणजोबांच्या नावावर कधी शेत नव्हते, अशा कुटुंबाला जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा पुष्कळदा कोतवाल बुकातच सापडतो, कारण तिथे जन्म-मृत्यूची नोंद होण्यासाठी सातबारा लागत नव्हता. भारतात १८९६ पासून पसरलेल्या प्लेगने सुमारे १ कोटी बळी घेतले, असे आपण सांगू शकतो ते गावोगावच्या अशाच नोंदींच्या आधारे. आणि तपासणीच्या व सक्तीच्या धाकाने लोक मृत्यू लपवत असल्याने तो आकडाही कमीच धरावा लागतो.

मध्ययुगीन युरोपात अशी नोंद फार थोड्या ठिकाणी उरली आहे. फ्रान्समधील जिव्री या गावच्या चर्चच्या वहीत एरवी वर्षाला ३० च्या आसपास मृत्यू लिहिलेले असत. १३४८ मध्ये मात्र उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंतच ते ६०० च्या वर गेले. म्हणून सर्वत्र असेच घडले, असेही म्हणता येत नाही. तळ्यांच्या गाळातील पिकांचे परागकण तपासणाऱ्या २०२२ च्या अभ्यासात पोलंडसारख्या काही प्रदेशांत शेती त्या काळातही वाढतच होती, असे दिसले आहे.

माझी विनंती एवढीच की यापुढे असा आकडा छापताना त्याच्या दोन्ही मर्यादा आणि तो कोणत्या दप्तरातून आला, हे एका ओळीत तरी द्यावे. शाळांमधील मुले आपल्या पुरवणीची कात्रणे वहीत चिकटवतात.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती