सप्ताहात हरिपाठाला पुरा तास आणि मोकळी जमीन द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण तोंडावर आला की करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरीकडच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताहाच्या बैठका बसतात. मांडव, आचारी, कीर्तनकारांच्या तारखा, साउंड सगळं ठरतं. हरिपाठ कुठे आणि किती वेळ व्हायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. त्यासाठी हे पत्र.

काकड्याला मोजकी माणसं येतात, पारायणाला वाचक बसतात, कीर्तनाला श्रोते. हरिपाठाला मात्र शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सगळे उभे राहतात. तोंडात नाम, हातात टाळ, पायात पावली (ठेक्यावर टाकायची पावलं), तिन्ही एका वेळी. सप्ताहाचा जीव इथे आहे आणि कात्रीही इथेच लागते. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग अठ्ठावीस. पावलीसह एका अभंगाला दोन मिनिटं धरली तरी छप्पन्न मिनिटं होतात. सहाला सुरू व्हायचा हरिपाठ सत्कारांमुळे साडेसहाला उभा राहतो आणि सातला संपवा म्हणतात. मग चाल पहिल्यापासूनच दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात जाते. ठाय म्हणजे संथ लयीत पाय बसायच्या आत लय वाढली की म्हातारी माणसं बाजूला होतात, पोरं नुसत्या उड्या मारतात आणि शब्द कुणाच्याच तोंडी राहत नाहीत. शाल-श्रीफळ कीर्तनानंतर द्या, कुणाचा मान त्यानं कमी होत नाही.

आता जमीन. दोन रांगा समोरासमोर, मध्ये मृदंग, वरच्या टोकाला विणेकरी. रांगांमध्ये किमान सहा फूट आणि दोन टाळकऱ्यांत तीन फूट हवेत, नाहीतर पुढे जाऊन वाकताना डोकी आपटतात. वीस-वीस जणांच्या दोन रांगांना साठ फूट लांबी लागते. तेवढी नसेल तर चार आखूड रांगा करा, पण दाटी करू नका. ताडपत्रीवर अनवाणी पाय घसरतो, जाजमाच्या घडीत अंगठा अडकतो आणि नुसत्या काँक्रीटवर सात दिवसांत टाचा भरून येतात. पाणी मारून चोपलेली माती सगळ्यात चांगली. पावसाळ्यात ते जमत नसेल तर देवळाच्या फरशीवर तरट ताणून कडा पक्क्या करा.

सगळ्यात जास्त बिघाड होतो तो साउंडमुळे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. गायकापासून 35 मीटरवर, मांडवाच्या टोकाला कर्णा लावला, तर त्याचा आवाज गायकापर्यंत परतायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. आठ मात्रांचा भजनी ठेका चढला की एक मात्रा पाव सेकंदाची होते. म्हणजे जवळपास अर्ध्या मात्रेचा फरक पडतो. त्या टोकाचे टाळकरी कर्ण्याबरोबर वाजवतात, इकडचे मृदंगाबरोबर, आणि दोष मृदंगवाल्यावर येतो. तो बिचारा बरोबरच असतो. म्हणून कर्णे गायकाच्या जवळ, दोन्ही बाजूंना, तोंड बाहेर करून लावा. माइक दोनच ठेवा, एक गायकाला आणि एक मृदंगाला. टाळांना माइक अजिबात नको. काशाचे चाळीस टाळ पत्र्याच्या मांडवात मुळातच भरपूर होतात. सभागृह बंदिस्त असेल तर टाळ निम्मे करा, नाहीतर अभंगाचं अक्षर ऐकू येत नाही.

टाळ वाजवण्याचीही रीत पोरांना सांगावी लागते. दोन्ही वाट्या समोरासमोर अगदी चपखल आपटल्या की आत हवा कोंडते आणि 'थप' असा मुका आवाज येतो. एक वाटी किंचित खाली धरून कडेला कड लावली तर टाळ बोलतो. नवशिक्याला रांगेच्या टोकाला ढकलू नका. दोन जाणत्यांच्या मध्ये उभा केला की तो दोन दिवसांत पावलीत येतो.

मृदंगाचं सांगायचं तर इथल्या पावसात हवा ओली असते, चामडं सैल पडतं आणि चढवलेला सूर तासाभरात उतरतो. काहीजण शाईची पुडी (काळा लेप असलेली चामड्याची बाजू) बल्बखाली शेकतात. त्यानं शाई तडकते. मृदंग जमिनीवर ठेवू नये, कापडात गुंडाळून उंचावर ठेवावा आणि उभं राहण्याआधी अर्धा तास गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर लावावा. धुमेला, म्हणजे खर्जाच्या बाजूला लावायची कणिक ताजी हवी. मुठीएवढा गोळा मधोमध बसवावा. पातळ झाली तर पसरते, सुकली तर धुम पोकळ बोलते. हरिपाठ संपताच ती खरवडून पुडी पुसावी. रात्रभर राहिली तर कणिक आंबते आणि चामडं कुजतं. शिवाय महिला मंडळाची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) वेगळी असते. एकच मृदंग संध्याकाळी दोनदा वर-खाली ताणला तर पुडी फुटायची पाळी येते. दोन मृदंग ठेवलेले बरे.

वेळेचंही बघावं. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवायचा असतो. उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंतची सवलत सरकार देऊ शकतं, पण ते दिवस आपल्या सप्ताहाच्या तारखांना येतीलच असं नाही. तेव्हा हरिपाठ 6 ते 7, कीर्तन साडेसात ते साडेनऊ असं बसवा. पहाटेचा काकडा आणि रात्रीचा जागर माइकशिवाय करा. दहानंतर गाव शांत झालेलं असतं. विणेकऱ्याभोवती आठ-दहा जण बसले, एक मृदंग आणि चार टाळ असले, की देवळाच्या पायरीपर्यंत शब्दन् शब्द पोचतो. पहाऱ्याला, म्हणजे पाळीपाळीनं वीणा घेऊन उभं राहायला माणसं मिळत नाहीत अशी तक्रार असते. सात दिवसांचे छप्पन्न प्रहर होतात आणि वीणा खाली टेकवायची नाही. तीन तासांऐवजी दीड-दीड तासाचे पहारे लावा आणि प्रत्येक गल्लीला एक रात्र वाटून द्या. नावांचा फळा आठ दिवस आधी देवळात लावला तर माणसं मिळतात.

आपले,
काही टाळकरी व मृदंगवादक,
करवीर तालुका, कोल्हापूर