सिस्टर, ताई आणि न पाहिलेल्या आया

बाळ बत्तिसाव्या आठवड्यातच आलं, वजन जेमतेम दीड किलो. ते एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), मी सिझेरियनचे टाके सांभाळत वॉर्डात, आणि दूध काही केल्या येईना. भेटायला येणारा प्रत्येक जण "अजून नाही आलं?" एवढं विचारून जायचा. (त्यांचे आभार नंतर कधीतरी.)

रात्रपाळीच्या सिस्टरांनी पंप बाजूला ठेवायला लावला. कोमट पाण्याचा शेक दिला. मग माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं: अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग हलकेच चिमटीत घ्यायचं, ओढायचं मुळीच नाही. वाटीच्या तळाशी चिकाचे चार थेंब जमले. मला रडूच आलं, एवढ्याने काय होणार? त्यांनी ते सिरिंजमध्ये ओढून घेतले आणि स्वतः बाळाकडे घेऊन गेल्या.

तोवर बाळाचं पोट दुग्धपेढीच्या, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेल्या, दुधावर भरत होतं. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. दान आलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात. "परक्या बाईचं दूध?" म्हणणाऱ्या आमच्या आत्याबाई हे ऐकून निवळल्या.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी कुशीवर वळून, पोटाशी उशी धरून उठायला शिकवलं. म्हणून तर चालत जाऊन बाळाला कांगारूसारखं छातीशी धरता आलं.

सिस्टर, ताई, आणि दूध देणाऱ्या अनोळखी आयांनो, मनापासून आभार. बाळ आता अंगावर पितंय आणि रात्रभर घर जागवतंय.