तक्रार पत्र: 85 टक्के कर्जाचे आश्वासन आणि हातात आलेले सँक्शन लेटर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
गृहकर्ज सल्ला विभाग, मुंबई कार्यालय

विषय: मुलुंड (पूर्व) येथील रीसेल फ्लॅटच्या कर्जाची फाइल चुकीच्या आकड्यावर चालवल्याबद्दल आणि घेतलेली फी परत मिळण्याबद्दल

महोदय,

फ्लॅटची करारातली किंमत 96 लाख. तुमच्या प्रतिनिधीने पहिल्याच बैठकीत 85 टक्के, म्हणजे 81 लाख 60 हजार कर्ज होईल असे सांगितले आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवले. त्या भरवशावर टोकन दिले, करारनामा नोंदवला. आता हातात आलेले सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचे पत्र, आहे 70 लाख 40 हजारांचे. मधल्या 11 लाख 20 हजारांचा हिशेब तुमच्याकडून आला नाही, म्हणून तो मीच मांडते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्के आणि त्यावरच्या कर्जाला 75 टक्के ही कमाल मर्यादा आहे. 96 लाखांचे 80 टक्के काढले तर 76 लाख 80 हजार येतात. पण कर्ज 75 लाखांच्या वर गेले की 75 टक्क्यांचा नियम लागतो आणि आकडा 72 लाखांवर घसरतो. म्हणजे या किमतीच्या घराला 75 लाखांपेक्षा एक रुपयाही जास्त देता येत नाही. त्यासाठी घर एक कोटीपेक्षा जास्त किमतीचे हवे. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचा खर्चही या किमतीत धरत नाहीत. रोज गृहकर्जाच्या फाइली हाताळणाऱ्याला हे तोंडपाठ असते. तेव्हा 6 लाख 60 हजारांची तूट पहिल्याच दिवशी ठरलेली होती.

उरलेले 4 लाख 60 हजार व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे कर्ज देणाऱ्याने स्वतः काढलेल्या घराच्या किमतीत गेले. विकणाऱ्याने कार्पेट 512 चौरस फूट सांगितले होते. मंजूर नकाशात ते 470 आहे. वरचे 42 फूट म्हणजे हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये आत घेतलेले फ्लॉवर बेड, खिडकीबाहेरचे फुलझाडांचे कट्टे. व्हॅल्युअरने टेप लावला, नकाशा उघडला आणि तेवढी जागा सरळ वगळली. 18,750 रुपयांच्या दराने 470 फुटांचे 88 लाख 12 हजार 500 होतात, त्याने 88 लाख धरले. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतली कमी रक्कम धरायची, तिचे 80 टक्के द्यायचे, हा सगळ्यांचाच रिवाज. नकाशाची प्रत तुमच्या फाइलमध्ये पहिल्या आठवड्यापासून होती. मुंबईत ऐंशी-नव्वदच्या दशकातली इमारत म्हटली की फ्लॉवर बेड पाहायचे असतात, हे सांगायला व्हॅल्युअर कशाला लागतो?

कागदांचे तसेच. इमारत 1994 ची, विकणारे तिसरे मालक. बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेल्या करारनाम्याची मूळ प्रत गहाळ आहे, फक्त झेरॉक्स आहे, हे तुम्हाला दिलेल्या संचावरूनच दिसत होते. कर्ज देणाऱ्याचा कागद तपासणारा वकील चेन, म्हणजे पहिल्या मालकापासूनच्या करारांची साखळी, पूर्ण मागणारच. त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, हरकतींसाठी साधारण चौदा-पंधरा दिवसांची वाट, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत आणि विकणाऱ्याचा हमीपत्राचा बाँड, इतके सगळे लागते. सहज तीन आठवडे जातात. तुमच्याकडून हा मुद्दा आला 26व्या दिवशी. करारनाम्यात उरलेली रक्कम 60 दिवसांत द्यायची अट आहे, त्यातले आता 19 दिवस उरले आहेत.

सर्वांत महाग पडलेला सल्ला मात्र वेगळाच. ‘दोघांचे उत्पन्न धरायचे तर करारनाम्यात दोघांची नावे पाहिजेतच’ असे मला आणि नवऱ्याला सांगण्यात आले. हे खरे नाही. सहमालकाला सहकर्जदार व्हावे लागते. सहकर्जदाराला सहमालक व्हावे लागत नाही. नवऱ्याला कर वजावट घ्यायची असती तर नाव घालण्यात अर्थ होता, पण तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. महाराष्ट्रात घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतले तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सवलत आहे. मुंबईत 6 ऐवजी 5 टक्के. 96 लाखांवर ही सवलत 96 हजारांची होती. ड्यूटी भरून झाली, आता ती परत येत नाही.

त्यात एका कोऱ्या संमतिपत्रावर सही घेऊन फाइल 12 दिवसांत पाच ठिकाणी लॉगिन झाली, म्हणजे पाच ठिकाणी कर्जाचा अर्ज गेला. प्रत्येक लॉगिनला सिबिलवर, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, कर्जाची चौकशी नोंदली जाते आणि पुढचा बँकवाला तीच मोजतो.

शेवटी फाइल गेली गृहवित्त कंपनीकडे, आणि ‘बँकेसारखीच आहे’ असे उत्तर मिळाले. बँकेचा फ्लोटिंग दर 1 ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या दराशी बांधलेला असतो आणि किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. गृहवित्त कंपनीला हे बंधन नाही. तिचा पीएलआर, म्हणजे तिने स्वतः ठरवलेला मूळ दर, तिच्या हातात. तोंडी दर 7.90 होता, पत्रात 8.65 आहे. 20 वर्षांच्या मुदतीला महिन्याचा फरक सुमारे 3,300 रुपये. केएफएस (कर्जाचा दर, खर्च आणि अटी एकत्र सांगणारे पत्रक) दुपारी चारला पाठवून सहापर्यंत सही मागितली. नियमाने त्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. शिवाय 1 लाख 92 हजारांचा एकरकमी विमा कर्जात घातलेला आहे, जो सक्तीचा नाही. त्या दराने 20 वर्षांत तो सुमारे 4 लाख 4 हजारांना पडतो.

माझ्या मागण्या अशा. ‘फाइल चार्जेस’ म्हणून प्रतिनिधीच्या वैयक्तिक यूपीआयवर घेतलेले 25,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 29,500 रुपये परत करावेत. पावती नसताना जीएसटी कोणत्या नोंदणीवर भरला तेही कळवावे. फाइल कुठे, कधी लॉगिन केली, प्रत्येक ठिकाणी काय उत्तर आले आणि गृहवित्त कंपनीकडून तुम्हाला किती कमिशन मिळणार आहे, हे लेखी द्यावे. विमा काढून नवे केएफएस आणवावे. चुकीच्या सल्ल्याने गेलेल्या 96 हजारांबद्दल कंपनीची भूमिका लेखी हवी, फोनवर नको.

यासाठी सात दिवस देत आहे. एजंटच्या कामाची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावरही असते, म्हणून या पत्राची प्रत गृहवित्त कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही आजच जात आहे. तिथून समाधान झाले नाही तर तिच्याविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या ‘ग्रिड्स’ पोर्टलवर आणि तुमच्याविरुद्धची जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होईल. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि सिबिल अहवाल सोबत जोडले आहेत.

आपली ग्राहक,
मुलुंड (पूर्व), मुंबई